शिंगराच्या लिदीत वीतभर जंत निघाले, घरातल्या लहान मुलीला होतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, लांबलाय पण वाचा प्लीज.

आम्ही कुंभार. घरी दोन गाढवं आणि आठ महिन्यांचं शिंगरू. गाढवीण मागच्या पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बाजारातनं आणली तेव्हाच गाभण होती. शिंगरू चांगलं उड्या मारायचं, पण महिन्याभरात पोट नगाऱ्यासारखं झालंय, बरगड्या दिसतायत, केस राठ पडलेत. परवा सकाळी लीद गोळा करायला गेले तर त्यात पांढरे, वीतभर लांब, पेन्सिलीएवढे जाड, दोन्ही टोकांना निमुळते जंत, त्यातला एक वळवळत होता. माझे हातपायच गळाले.

कारण माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि तिला दहा दिवस झाले पातळ शी होतेय, दोन दिवस बरं वाटतं की परत सुरू. रात्री शीच्या जागी खाजवत रडत उठते. आमच्यात माठाच्या मातीत लीद कालवतात, ती तिथंच बसून मातीच्या भाकऱ्या थापते आणि हात तसाच तोंडात. वर सासूबाईंनी खोकल्यासाठी गाढवीचं कच्चं दूध चमचाभर पाजलं होतं. आता घरात सगळे म्हणतायत शिंगरापासनंच लागलं, मामंजी म्हणतात विकून टाका. भाऊजींनी शेळ्यांचं जंताचं औषध आणलंय, शिंगराला देऊ आणि थेंबभर पोरीलाही देऊ म्हणतात. मी बाटली लपवून ठेवलीय. खरंच गाढवाचे जंत माणसाला होतात का? कुठली तपासणी करू?

प्रतिसाद १
ताई, बाटली लपवली ते फार बरं केलंत. जनावराचं औषध मुलीला थेंबभरही नाही. मी पशुवैद्यक आहे, घोडे-गाढवं बघतो. वर्णनावरून हे पॅरास्कॅरिस वाटतात, एक-दीड वर्षाच्या आतल्या शिंगरांना होतात. माणसाचे मोठे जंत, म्हणजे अ‍ॅस्कॅरिस, दिसायला हुबेहूब असेच, म्हणून लोक घाबरतात, पण जात वेगळी. शिंगराचा जंत माणसाच्या आतड्यात घर करत नाही. शिंगराला घरच्या घरी औषध देऊ नका, पोटात खूप जंत असले आणि सगळे एकदम मेले तर आतड्यात गुंता होऊन बसतो आणि शिंगरू दगावू शकतं. ताजी लीद डबीत घालून दवाखान्यात न्या, लिदीतली जंतांची अंडी मोजतील, वजनाचा अंदाज घेऊन औषध ठरवतील. आणि गाढव दुखणं दाखवत नाही, खाणं सोडून नुसतं मान खाली घालून उभं राहिलं तरी लगेच डॉक्टर बोलवा. पुढच्या पायांच्या केसांना पिवळी बारीक अंडी चिकटलेली दिसली तर तेही सांगा, ती बॉट माशीची असतात, म्हणजे जिच्या अळ्या जनावराच्या पोटात वाढतात तिची.

प्रतिसाद २
मी लॅबमध्ये काम करते. रात्री खाजवते ते बहुतेक सुतासारखे बारीक किडे असणार, ते माणसाकडूनच माणसाला लागतात, गाढवाचा संबंध नाही. रात्री बॅटरी घेऊन बघा, दिसतात. त्यावर घरातल्या सगळ्यांना एकदम औषध लागतं, डॉक्टरांना विचारा. जुलाबाचं मात्र वेगळं असू शकतं. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे डोळ्यांना न दिसणारे परजीवी, यांच्या काही जाती जनावरांतून माणसाला येतात, गाढवातही सापडतात, पण दूषित पाण्यातूनही येतात, त्यामुळे लगेच शिंगरावर आळ नको. साध्या स्टूल टेस्टमध्ये क्रिप्टो दिसत नाही, त्याला वेगळा रंग वापरावा लागतो, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. जिआर्डियासाठी वेगवेगळ्या दिवशी तीन सॅम्पल द्या, एकदा निगेटिव्ह आलं म्हणून सोडू नका. अंगणवाडीत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतात तिच्या एका डोसावर जिआर्डिया-क्रिप्टोचं भागत नाही. पाणी उकळूनच, क्लोरिनला क्रिप्टो दाद देत नाही. कच्चं दूध बंद. आणि डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर तपासणीची वाट बघू नका, ओआरएस देत देत थेट दवाखाना.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार दोघांचेही, काल रडत होते हो. आज सकाळी पहिलं सॅम्पल दिलं, डॉक्टरांनी क्रिप्टोचंही लिहून दिलं. रात्री बॅटरीनं बघितलं, खरंच बारीक पांढरे धाग्यासारखे दोन दिसले, सासूबाईंनाही दाखवले तेव्हा कुठं त्यांचा विश्वास बसला. शिंगराची लीद उद्या नेतोय. मामंजी म्हणाले रिपोर्ट येईपर्यंत विकत नाही.

एकच राहिलं, खड्ड्यात मळलेली माती तयार आहे, तिचं काय करू? पुढच्या महिन्यात माठ बाजारात जायचेत.

प्रतिसाद १
माती टाकू नका. भट्टीत काहीच जिवंत राहत नाही, घेणाऱ्याला धोका नाही. धोका मळणाऱ्याला. पायाला चीर असेल तर बांधून मग तुडवा, काम झालं की साबणानं हातपाय धुवा, नखं कापा, पोरीला तिकडे फिरकू देऊ नका. पुढची लीद कडक उन्हात पसरून पार खडखडीत वाळवून मग वापरा, क्रिप्टो आणि जिआर्डिया वाळल्यावर टिकत नाहीत. शिंगराच्या जंतांची अंडी टिकतात पण ती तुम्हाला काही करत नाहीत, शिंगराला करतात, म्हणून त्याचा चारा खाली जमिनीवर न टाकता गव्हाणीत घाला.