प्रीपेमेंट करताना मुदत कमी करून घ्या
हाती आलेला बोनस गृहकर्ज मुदतीआधी फेडायला (म्हणजे प्रीपेमेंटला) वापरावा की एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवावा, यावर भरपूर चर्चा होते, त्यात पडत नाही. एक भर घालतो. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत असं धरा (पुण्याच्या बाणेर-वाकडला टूबीएचके घ्यायचा तर एवढं लागतंच). हप्ता ४३,४०० च्या आसपास. पहिल्या हप्त्यातले ३५,४०० व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम आठ हजार! म्हणून जादा भरायचं तर सुरुवातीच्या वर्षांत. आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं बँकेला लेखी द्या; हप्ता कमी करण्यापेक्षा त्यात व्याज जास्त वाचतं. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला प्रीपेमेंटचा दंड नाही.

'टॅक्स वाचतो, कर्ज राहू दे' म्हणणाऱ्या काकांना विचारा, कुठल्या करप्रणालीत? नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

कर्ज फिटलं की नुसती एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) घेऊन पेढे वाटत सुटू नका. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), पावत्या बँकेला दिलेल्या कागदांच्या यादीशी ताडून घ्या. ३० दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. सोसायटीच्या दप्तरातली बोजाची (फ्लॅटवरच्या कर्जाची) नोंदही काढायला लावा. शेजाऱ्यांची राहिली होती, फ्लॅट विकताना गिऱ्हाईक महिनाभर अडून बसलं.