मदत हवी आहे: लाडक्या खेळाडूच्या अपयशाबद्दल मुलाला काय सांगावे?

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथे राहतो. माझा नऊ वर्षांचा मुलगा कॅरोलिना पँथर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा निस्सीम चाहता आहे.

२०२१ च्या हंगामात सॅम डार्नल्ड या नव्या क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून संघाच्या चाली चालवणारा मुख्य खेळाडू) पहिले तिन्ही सामने जिंकून दिले, पण पुढे त्याचे पास वारंवार प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू लागले आणि नोव्हेंबरमध्ये खांद्याच्या दुखापतीने तो बाहेर बसला. त्याच आठवड्यात संघाचा जुना क्वार्टरबॅक कॅम न्यूटन परतला. २०१५ चा सर्वोत्तम खेळाडू, टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवणे) केल्यावर चेंडू प्रेक्षकांतल्या लहानग्याच्या हाती देणारा. अ‍ॅरिझोनाविरुद्ध पहिल्याच चालीत त्याने टचडाउन केला, तेव्हा खांद्यात घट्ट होणारी न्यूटनची एक क्रमांकाची जर्सी घालून मुलगा घरभर नाचला. त्यानंतर न्यूटन ज्या पाच सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, ते पाचही संघ हरला.

आता ती जर्सी कपाटाच्या तळाशी आहे आणि मुलगा विचारतो, "बाबा, तो परत आलाच नसता तर बरं झालं असतं का?"

माझ्या मते दोष एकट्या न्यूटनचा नाही आणि डार्नल्डचाही नाही, कारण क्वार्टरबॅकला संरक्षण देणारी फळीच कमकुवत होती. शिवाय न्यूटनला हंगामाच्या मध्यावर नव्या चाली शिकाव्या लागल्या. परंतु हे मुलाला पटत नाही. ज्यांनी आपल्या मुलांना अशा प्रसंगातून सावरले आहे, त्यांनी नेमके काय सांगितले, हे कृपया कळवावे.