इन्सिव्हिलिटीला मराठीत काय म्हणायचं? असभ्य, अशिष्ट की उद्धट?

मंडळी, एक शब्द अडलाय. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली मराठीत करतेय, मूळ सिंथिया क्लार्क या अमेरिकन नर्सिंग प्राध्यापिकेची. एकेका वागण्यापुढे दोन खुणा करायच्या, हे कितपत वाईट वाटतं आणि गेल्या १२ महिन्यांत किती वेळा झालं. वर्गात झोपणं, उशिरा येणं, मोबाईल बघणं इथपासून थेट मारायच्या धमकीपर्यंत सगळं एकाच शब्दाखाली येतं. मी 'असभ्य वर्तन' लिहिलं आणि चार मुलींना भरायला दिलं तर एकीने हळूच विचारलं, "मॅडम, छेडछाडीबद्दल आहे का हे?" आणि मग सगळीकडे 'कधीच नाही' वर टिक करून कागद उलटा ठेवून गेली.

— ती बरोबरच समजली. पेपरात 'असभ्य वर्तन' किंवा 'गैरवर्तन' वाचलं की विनयभंगाचीच बातमी असते. खरं तर सभ्य म्हणजे सभेत शोभणारा, म्हणजे वर्गाला किती चपखल, पण अर्थ आता तिकडे सरकलाय. अशिष्ट घ्या.

— अशिष्ट नको हो. शिष्य आणि शिष्ट एकाच धातूतले हे खरं, पण बोलताना आपण "ती जरा शिष्टच आहे" म्हणतो ते नाक वर करून वागणारीला. मग अशिष्ट म्हणजे चांगली, मनमिळाऊ का? मुलं गोंधळतील. सरळ उद्धट लिहा.

उद्धटवर मीही थांबले होते, पण उद्धट म्हटलं की तोंडावर उलट बोलणं आलं. नाइट ड्युटी करून सकाळी ९ च्या लेक्चरला डुलक्या घेणारी मुलगी उद्धट कशी? तिला तो शब्द छापील कागदावर वाचायला लावणं मला पटत नाही, शिवाय मोजमापही चुकणार, कारण मग ती वागण्याला नाही तर शब्दाला मार्क देणार.

म्हणून असं ठरवलंय की वर फक्त शीर्षकात 'असौजन्य' ठेवायचं, कुणाला लागत नाही आणि सौजन्य सगळ्यांना माहितीये, आत मात्र नुसती कृती लिहायची आणि उत्तरांत 'खटकत नाही, थोडं खटकतं, बरंच खटकतं, फारच खटकतं'. खटकणं हा शब्द मुली स्वतःच वापरतात.

आता एकच राहिलं, तास चालू असताना शेजारणीशी बोलत बसणं. कुजबुज म्हटलं तर गुपित वाटतं, गप्पा म्हटलं तर कॅन्टीन. तुमच्याकडे काय म्हणतात?

— आमच्याकडे खुसपुस. "मागच्या बाकावरची खुसपुस बंद करा" हे शाळेपासून ऐकलंय.