काचेच्या पेटीतील कीटकभक्षी वनस्पती : पावसाळ्यात हवा खेळती कशी ठेवावी?

प्रश्न (मालगुंड, रत्नागिरी)

नमस्कार. आमच्या माडीवरील पश्चिमेच्या खोलीत मी एका काचेच्या पेटीत कीटकभक्षी वनस्पती वाढवीत आहे. पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच असून तिला वरून काचेचेच झाकण आहे. आत रोपवाटिकांत सर्रास मिळणारी व्हेंट्राटा ही संकरित घटपर्णी, दवबिंदू (द्रोसेरा) या चिकट केसांच्या वनस्पतीच्या दोन जाती आणि पानांच्या सापळ्यात कीटक पकडणारा एक व्हीनस फ्लायट्रॅप आहे. वरचे एलईडी दिवे टायमरवर दिवसातून बारा तास चालतात.

मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून पेटीतील आर्द्रतामापक दिवसा ९० च्या वर आणि रात्री ९९ दाखवीत आहे. सकाळी काचेवरून पाणी ओघळत असते. कुंड्यांत माध्यम म्हणून घातलेल्या स्फॅग्नम मॉस या शेवाळावर करडी लव धरली आहे, फ्लायट्रॅपचे सापळे देठापासून मऊ पडत आहेत आणि घटपर्णीच्या पानांच्या टोकाशी धरलेले बारीक घट मोठे न होताच काळे पडत आहेत. ज्यांच्याकडून रोपे घेतली त्यांनी झाकण कधीही उघडे ठेवू नये असे बजावले होते. खोलीतला छताचा पंखा चालू असताना झाकण उघडून पाहिले, तर दुपारपर्यंत दवबिंदूच्या केसांवरचे चिकट थेंब बारीक झालेले दिसतात, म्हणून ते पुन्हा लावावे लागते. पेटीत लहान पंखा बसवावा असे मनात आहे, परंतु त्यामुळे या वनस्पतींना लागणारी आर्द्रता निघून जाणार नाही का?

उत्तर (देवगड)

ताई, पंखा अवश्य बसवावा. आपल्या किनाऱ्यावर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आर्द्रता मिळवण्यासाठी काहीही करावे लागत नाही. ती बाहेरच्या हवेतच असते. झाकण बंद ठेवण्याचा सल्ला थंड देशांतील घरांसाठी आहे, कारण तिथे हिवाळ्यात घर तापवले जाते आणि आतली हवा फार कोरडी होते. तो सल्ला मालगुंडच्या पावसाळ्याला लागू केला की जे होते, तेच आपल्या पेटीत झालेले आहे.

मापकावरचा आकडा एकटा वाचू नये, त्याच्या शेजारचे तापमानही वाचावे. २५ अंश सेल्सिअसला ९० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यात पाण्याची वाफ न वाढवता ३० अंशांपर्यंत तापवली, तर तीच हवा सुमारे ६७ टक्के दाखवते. म्हणजे दिव्यांच्या उष्णतेने पेटी थोडी तापली आणि आतली हवा सतत बाहेर जात राहिली, तर भर पावसातही दिवसा पेटीत ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवता येते आणि तेवढी आपल्या सर्व रोपांना पुरेशी आहे. झाकण बंद असेल, तर ओल्या मॉसमधून निघणारी वाफ आतच कोंडते आणि तापमान वाढूनही आकडा खाली येत नाही.

खरा धोका रात्री असतो. दिवे मालवल्यावर पेटी गार होते, हवेत मावत नाही तेवढी वाफ काचेवर आणि पानांवर पाणी होऊन बसते, आणि पान तासन्‌तास ओले राहिले की बुरशीच्या बीजाणूंना रुजायला तेवढे पुरते. पुष्कळ जण दिवे आणि पंखा एकाच टायमरवर लावतात, त्यामुळे हवा हलण्याची सर्वांत अधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी पंखा बंद पडतो. पंख्याची जोडणी वेगळी करावी आणि तो चोवीस तास चालू ठेवावा. रात्री आकडा ९५ राहिला तरी काळजी करू नये, कारण पंख्याचे काम आकडा उतरवणे एवढेच नाही. पानाला चिकटून राहिलेला स्थिर हवेचा थर त्याने हलता ठेवला की पानावरचे पाणी टिकत नाही.

संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा ८० किंवा १२० मिलिमीटरचा पंखा पुरेसा आहे. तो झाकणाच्या एका टोकाला, हवा बाहेर फेकेल असा बसवावा आणि नवी हवा आत येण्यासाठी त्याच्या समोरच्या टोकाला तळाजवळ फट ठेवावी, म्हणजे हवा पेटीच्या पूर्ण लांबीतून जाते. आपल्या पेटीची बाजूची काच कापणे शक्य नसेल, तर झाकणाच्या दुसऱ्या टोकाला तीन बोटे जागा मोकळी ठेवून, तिथून तळापर्यंत पोचेल असा रुंद प्लास्टिकचा पाइप सोडावा. पंख्याचा झोत थेट रोपांवर आणू नये. व्होल्टेज बदलता येणारा अ‍ॅडॉप्टर घेऊन पंखा ६ ते ७ व्होल्टवर चालवावा. त्या व्होल्टेजवर पंखा सुरू होतो की नाही, हे आधी पाहून घ्यावे. दवबिंदूचा फुलोऱ्याचा बारीक दांडा किंचित थरथरत असेल, तर वेग योग्य आहे असे समजावे. तो एका बाजूला वाकून राहत असेल, तर वेग कमी करावा.

उत्तर (सावंतवाडी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु या तिन्ही वनस्पती एका पेटीत ठेवाव्यात का, हा प्रश्न मला पंख्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आपल्या जिल्ह्यांतील कातळसड्यांवर श्रावण-भाद्रपदात जाऊन पाहावे. कातळावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत, पाण्याच्या पातळ थरात सीतेची आसवे ही इवली कीटकभक्षी वनस्पती निळीजांभळी फुललेली असते आणि त्यांच्याच आसपास द्रोसेरा इंडिका हा आपला दवबिंदू उभा असतो. तिथे आडोसा म्हणून काही नसते, समुद्राकडून वारा सारखा येत असतो आणि तरीही त्याच्या प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब असतो. मुळाशी सतत पाणी, डोक्यावर स्वच्छ उजेड आणि अंगावर वारा या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत. म्हणून वाऱ्याने दवबिंदू वाळतो ही भीती मुळे ओली असताना बाळगू नये. झाकण उघडल्यावर थेंब बारीक झाले, ते कोंडलेल्या हवेत वाढलेली पाने एकाएकी छताच्या पंख्याखाली आल्यामुळे. झाकण रोज थोडे अधिक उघडत आठ-दहा दिवसांत रोपाला सवय लावावी. नवी पाने मोकळ्या हवेत उमलली की त्यांच्यावर थेंब नीट धरतात. (सड्यावरची रोपे मात्र कृपया उपटून आणू नयेत. द्रोसेरा इंडिका वर्षायू आहे. ती बी टाकून मरते आणि पुढच्या पावसात त्याच बियांतून सडा पुन्हा भरतो.)

व्हीनस फ्लायट्रॅप पेटीतून आजच बाहेर काढावा. तो अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या उघड्या, उन्हाच्या दलदलीतला आहे. त्याला कोंडलेला दमटपणा मुळीच नको असतो, भरपूर ऊन मात्र हवे असते. त्याला हिवाळ्यात तीन-चार महिने थंडीची विश्रांतीही लागते. किनाऱ्यावर ती निसर्गतः मिळत नाही, त्यामुळे तो इथे वर्षानुवर्षे टिकवणे अवघड आहे, हे मनाशी धरूनच तो ठेवावा.

घटपर्णीचे म्हणाल, तर व्हेंट्राटा हा फिलिपाइन्समधील दोन जातींचा संकर असून तो बराच सोशिक आहे. किनाऱ्यावरच्या घरात तो पडवीत टांगूनही उत्तम वाढतो. त्याचे घट काळे पडण्यामागे कोंदट हवा असेलच, पण मला पावसाळ्यातला अपुरा उजेड हे अधिक मोठे कारण वाटते. आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेले असते आणि खिडकीपासून दूर ठेवलेल्या पेटीत जवळजवळ सगळा उजेड दिव्यांचाच असतो. उजेड कमी पडला की वेल पाने काढत राहते, घट मात्र धरत नाही. दिवे रोपांच्या जवळ आणावेत आणि चौदा तास चालवावेत. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. जुना घट झाकणाकडून हळूहळू तपकिरी होत वाळला, तर ते त्याचे वय आहे. कोवळा घट मऊ होऊन काळा पडला, तरच उपाय शोधावा.

प्रश्नकर्ती (मालगुंड)

दोघांचेही मनापासून आभार. पंख्यासाठी लागणारे साहित्य आणायला सांगितले आहे आणि फ्लायट्रॅप खिडकीत हलवला आहे. तीन शंका राहिल्या आहेत. आमच्याकडे वादळी पावसात वीज रात्रभर जाते, तेव्हा काय करावे? मापक ९९ दाखवतो तो खरा आहे का? आणि मॉसवरच्या लवेसाठी घरात सुपारीसाठी कालवलेले बोर्डो मिश्रण पातळ करून फवारले तर चालेल का?

उत्तर (श्रीवर्धन)

बोर्डो मिश्रण अजिबात फवारू नये. सुपारीच्या कोळेरोगावर ते आम्हीही वापरतो, पण त्यात मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार असतो आणि स्फॅग्नम मॉसला तांबे सोसत नाही. चुन्यामुळे आम्लधर्मी माध्यमही बिघडते, आणि या सर्व वनस्पतींना आम्लधर्मी, क्षार नसलेलेच माध्यम लागते. करडी लव बहुधा मेलेल्या भागावर धरते. काळे घट, मऊ सापळे आणि सुकलेले फुलोरे स्वच्छ कात्रीने मुळापासून कापून पेटीबाहेर टाकावेत, लव धरलेला मॉसचा वरचा थर चिमटीने उचलावा आणि पंखा चालू ठेवावा. हवा हलू लागली की बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

मापक तपासण्यासाठी बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे आणि ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी त्यात घालावे, मीठ विरघळू देऊ नये. हे झाकण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा तास ठेवावेत. अशा डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ८१ दाखवीत असेल, तर तो सहा अंक जास्त दाखवतो असे धरावे. ९५ च्या वर मात्र स्वस्त मापकांवर फारसे विसंबू नये, काचेवरचे पाणी त्याहून अधिक विश्वासाने सांगते.

वीज जाणारच असेल, तर १२ व्होल्टऐवजी यूएसबीवर चालणारा ५ व्होल्टचा पंखा घ्यावा, म्हणजे तो पॉवर बँकेवर रात्र काढतो. तीही नसेल, तर झाकण पूर्ण काढून ठेवावे. पावसाळ्यातल्या एका रात्रीत या रोपांचे मोकळ्या हवेने काहीही बिघडत नाही. खारे वारे थेट लागणाऱ्या खोलीत पंख्याच्या पिना लवकर गंजतात, म्हणून जोडणीला व्हॅसलीनचा हात फिरवावा आणि पाती महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावीत.

दिवाळीनंतर मात्र हे सर्व पुन्हा पाहावे लागेल. मतलई वारे सुरू झाले की सकाळची हवा चांगलीच कोरडी होते. तेव्हा पंख्याचा वेग आणखी उतरवावा, झाकणाची फट एका बोटावर आणावी आणि दवबिंदूच्या कुंड्या ट्रेमध्ये बोटभर पाण्यात ठेवाव्यात. घटपर्णीला असे पाण्यात उभे करू नये. ट्रेसाठी पावसाचे पाणी आताच साठवावे. पहिल्या पावसात छप्पर धुऊन निघाल्यावर पागोळ्यांचे पाणी धरावे, खाडीजवळच्या विहिरीचे घेऊ नये. पाण्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटरने मोजल्यास आकडा ५० च्या आत असावा. ट्रेमधील पाणी आटत जाते तसे त्यातील क्षार मागे राहतात, म्हणून नुसती भर घालत न राहता ट्रे अधूनमधून रिकामा करून धुवावा.