१३५५ हिजरी की फसली?

निजामाच्या काळातल्या एका जुन्या काठीबद्दल एकाने 'काठीवर १३५५ कोरलंय, म्हणजे १९४५ सालची, ज्युबिलीची नव्हे' असं म्हटलंय, तिथे थोडं थांबा. फसली सनात (जमीन-महसुलाच्या सनात) ५९० मिळवले की १९४५ येतं हे बरोबर, आणि आपल्याकडे जमिनीच्या जुन्या कागदांमुळे आकडा दिसला की हात आधी फसलीकडेच जातो. पण हिजरी (इस्लामी चांद्र सन) १३५५ संपता संपता, म्हणजे १९३७ च्या सुरुवातीला, हैदराबादचे निजाम उस्मान अली खान यांच्या राज्यारोहणाची रौप्यजयंती झाली. दोन्ही सन निजामाच्या राज्यात एकाच वेळी चालत. तेव्हा आकड्याच्या शेवटी उर्दू अक्षर कोणतं आहे ते भिंगाने पाहा: 'फे' असेल तर फसली, दोन डोळ्यांचा 'हे' असेल तर हिजरी. आमच्या मावशीच्या घरची चोबदाराची (दरबारात काठी घेऊन पुढे चालणाऱ्या सेवकाची) काठी या एका अक्षरापायी कित्येक वर्षं चुकीच्या सालावर राहिली होती, म्हणून कळकळीने सांगतोय.

आणि काठीला लोहचुंबक चिकटत नाही म्हणून ती चांदीची, हेही मला पटत नाही. जर्मन सिल्व्हरलाही तो सहसा चिकटत नाही आणि त्यात चांदी औषधालाही नसते. सराफाकडे मशीनवर तपासून घ्या, पण मुठीवर एकाच जागी नको. पत्र्याचा सांधा आणि खालचं टोक वेगळं तपासा, तुटलेलं टोक नंतर बदललेलं असू शकतं. मात्र तोवर पावडर लावून घासू नका. खोबणीतला काळेपणा गेला की जुनेपणाचा एक पुरावाच गेला.