रिपोर्टवर 'रीनल', पाटीवर 'नेफ्रो': किडनीचे आजार दोन आहेत का?

केजकर: वडिलांना लातूरला दाखवलं. डॉक्टरांच्या पाटीवर 'नेफ्रॉलॉजिस्ट', सोनोग्राफीच्या कागदावर 'रीनल', फाईलवर 'नेफ्रायटिस'. आई सारखी विचारतेय, एक आजार हाय का दोन? कोणी नीट सांगेल का?

परभणीच्या सिस्टर: बाळा, आईला आधी सांग, अवयव एकच आहे. 'नेफ्रॉस' ग्रीक, 'रेन' लॅटिन, दोन्ही म्हणजे मूत्रपिंड. मी नर्सिंगच्या मुलींना बरीच वर्षं शिकवलं, दर बॅचमध्ये हा प्रश्न यायचाच.

हिपोक्रॅटिस, गॅलेन या प्राचीन वैद्यांनी रोगांबद्दल ग्रीकमध्ये लिहिलं. पुढे युरोपात विद्येची भाषा लॅटिन झाली. व्हेसालियसचा शरीररचनेवरचा 1543 चा मोठा ग्रंथ लॅटिनमध्येच आहे. म्हणून अवयव आणि रक्तवाहिन्यांची नावं बरीचशी लॅटिन वळणाची, जशी रीनल आर्टरी, तर रोगाची आणि शास्त्राची ग्रीक. नियम पक्का नाही, 'रीनल फेल्युअर'ही म्हणतातच. आपल्याकडे एकाच शेताच्या फायलीत निजामाच्या काळातलं मुंतखब आणि आत्ताचा सातबारा शेजारी असतात, तसं समज.

'आयटिस'ची गोष्ट मला फार आवडते. ग्रीकमध्ये 'नेफ्रायटिस नोसोस' म्हणजे मूत्रपिंडाचा रोग. 'नोसोस' म्हणजे रोग, तो शब्द गळाला आणि नुसतं विशेषण उरलं. पुढं त्या शेपटीलाच 'दाह' असा अर्थ चिकटला. हेपटायटिस, आर्थ्रायटिस, सगळे त्याच घरचे. म्हणजे वडिलांच्या मूत्रपिंडात दाह आहे. तो कशामुळं, हे मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचार. नेफ्रायटिसचे प्रकार बरेच आहेत आणि औषध त्यावर ठरतं.

औसा_शिक्षक: सिस्टर, मग क्रिएटिनिन?

परभणीच्या सिस्टर: सर, 'क्रेआस' म्हणजे ग्रीकमध्ये मांस. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांना 1832 मध्ये मांसाच्या अर्कात क्रिएटिन सापडलं, त्यावरून हे नाव. स्नायूंतल्या क्रिएटिनपासून क्रिएटिनिन तयार होतं आणि मूत्रपिंड ते लघवीतून बाहेर टाकतं. मूत्रपिंड थकलं की ते रक्तात साचतं, म्हणून तो आकडा बघतात.

केजकर: आईला वाचून दाखवलं, जीव जरा भांड्यात पडला तिचा. क्रिएटिनिनचे जुने कागद पण न्यायचे का सिस्टर?

परभणीच्या सिस्टर: सगळे ने, तारखेनं लावून. एका आकड्यापेक्षा तो चढतोय का उतरतोय, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. आणि दुखण्याच्या गोळ्या मनानं देऊ नको त्यांना.