स्टुअर्टच्या वॉशिंग्टनची नक्कल करतेय, चेहरा पांढरट आणि मातकट होतोय. मदत हवी आहे

जवसतेल:
गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये काढलेल्या, अर्धवट राहिलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या व्यक्तिचित्राची तैलरंगात प्रत करतेय. कॅनव्हास १६ बाय २० इंची. गालावरची छाया खडू फासल्यासारखी दिसते. ब्रशने रंग मिसळत गेलं की मातकट होतं. तोंडही सुजल्यासारखं वाटतंय, ते सुधारू का? संदर्भाला मूळ चित्राच्या फोटोबरोबर एक डॉलरची नोटही घेतली आहे, तिच्यावरचा चेहरा याच चित्रावरून कोरलेला आहे.

कोरा कॅनव्हास:
नोट आधी बाजूला ठेवा. तिच्यावरचं कोरीवकाम आरशातल्यासारखं उलटं आहे. मूळ चित्रात डावा गाल पुढे येतो, नोटेवर उजवा. दोन्हींवरून मापं घेतलीत तर नाक जागेवर बसणारच नाही.

खडूचं कारण टायटॅनियम व्हाइट. स्टुअर्टच्या काळातला शिशाचा सफेदा एवढा झाकत नसे. छायेत पांढरा अजिबात नको: बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) किंचित कॅडमियम रेड, तेलात पातळ करून, खालचं अस्तर दिसेल इतपत. उजेडासाठी ४ भाग पांढरा, १ भाग यलो ऑकर, पाव भाग लाल इथून सुरू करा. उजेड आणि छायेच्या मधल्या पट्ट्याला आयव्हरी ब्लॅक आणि पांढऱ्याचा करडा लावा. शेजारच्या तांबूस रंगामुळे तो आपोआप निळसर दिसतो.

मातकटपणा घोटल्यामुळे येतो. स्टुअर्ट शिष्यांना हेच बजावायचा की रंग शेजारी शेजारी ठेवा, घोटू नका. सगळ्या छटा आधीच पॅलेटवर कालवून ठेवा, प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश पुसा, कडा शेवटी कोरड्या ब्रशने हलक्या हाताने जोडा. बिघडलेला भाग ओला असेल तर नाइफने खरवडून काढा. त्यावर थर चढवत बसू नका.

रंगधानी:
तोंड कृपया सुधारू नका! वॉशिंग्टनला कवळी होती, ओठ त्यामुळेच फुगलेले आहेत. ते सपाट केलंत तर माणूसच बदलेल. ओठांमधली रेघ काळ्याने ओढू नका, अंबर आणि लालच वापरा.

मूळ चित्र साधारण १२२ बाय ९४ सेंमी आहे. तुमच्या २० इंच उंचीला रुंदी सुमारे १५.४ इंच येते, म्हणून बाजूला अर्धा इंच सोडून मग चौकटी आखा.

जवसतेल:
आणि पार्श्वभूमी पूर्ण भरू का?

रंगधानी:
नको. तपकिरी रंग डोक्याभोवतीच आहे, खालचा बराच भाग कोरा. स्टुअर्टने हे चित्र स्वतःजवळ ठेवून त्यावरून विकायच्या प्रती काढल्या. तो तपकिरी ओला असतानाच पांढऱ्या केसांची कड त्यात ओढा. वाळल्यावर ओढलीत तर केस कापून चिकटवल्यासारखे दिसतील.